आमच्या 'व्ह'ला हसणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत विनोदाच्या कोपऱ्यात "मराठी माणसाचं इंग्लिश" म्हणून जे छापलंय ते वाचलं. हसले पण, खोटं कशाला बोलू. इंटरव्ह्यूला गेलेला तो पोरगा "व्हॉट व्हॉज द क्वेश्चन" म्हणतो आणि समोरच्या मॅडमना पाणी पिताना ठसका लागतो. पण दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या बरोबर खालीच जाहिरात दिसली, "३० दिवसांत विदाउट ॲक्सेंट इंग्लिश बोला", आणि मग मात्र डोकं फिरलं. कारण विदाउट ॲक्सेंट इंग्लिश ही चीज मी अडतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही ऐकलेली नाही, आणि माझी नोकरीच ऐकण्याची होती.

मी टेलिफोनमधे होते. १९७९ ला ट्रंकवर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून द्यायच्या बोर्डावर, ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा एमटीएनएल पण नव्हतं, ते १९८६ ला झालं. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, कॉर्ड ओढायची आणि खोचायची. ऑर्डिनरी कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल, आणि पीपी कॉल म्हणजे ज्याच्याशी बोलायचंय तोच माणूस लाइनवर आला पाहिजे. तीन मिनिटं झाली की मधेच घुसून "थ्री मिनिट्स ओव्हर, एक्स्टेंड?" असं विचारायचं, मग समोर कोणी रडत असो नाहीतर कापसाचा भाव सांगत असो. एसटीडी, म्हणजे परगावी थेट डायल करायची सोय, वाढली तशी ट्रंकची गर्दी ओसरली आणि मला १९७ वर टाकलं, डिरेक्टरी एन्क्वायरी, लोक नाव सांगणार आणि आपण नंबर शोधून द्यायचा. तिथे तर दिवसभर नावंच नावं. माणूस दिसत नाही, कपडे दिसत नाहीत, गाडीने आला की चालत ते कळत नाही, फक्त आवाज. आणि इंग्लिश. कारण त्या काळी फोन उचलला की मुंबईचा माणूस आधी इंग्लिशमधे शिरायचा, जमो न जमो, ऑपरेटरशी इंग्लिशच बोलायचं असतं असा एक समज होता.

आमच्या शिफ्टमधे पैजा लागायच्या. कॉलर "हॅलो, आय वाँट अ नंबर" एवढं बोलला की हात माउथपीसवर ठेवून बाजूचीला सांगायचं, माटुंगा. किंवा घाटकोपर. किंवा पारशी कॉलनी. मग पत्ता विचारला की खरं-खोटं व्हायचं आणि हरणारीने कटिंग पाजायची. मी फार चहा पाजलेला नाही.

माटुंग्याचे तमिळ काका "एम"ला "येम" म्हणायचे, "एन"ला "येन", आणि आमच्या ऑफिसला "येक्स्चेंज". नंबर सांगताना "येट येट" आलं की आम्ही ओळखायचो. घाटकोपर-मुलुंडचे गुजराती शेठ "ऑफिस"चं "ओफिस" करायचे आणि "हॉल"चं "होल", त्यांच्या लिहिण्यातही ते ओफिसच असतं. पारशी बायका फार गोड बोलायच्या आणि चिडल्या तर फार गोड शिव्या द्यायच्या, पण त्यांची खूण वेगळीच होती, त्यांचा "ट" आपल्यासारखा जीभ वळवून जड केलेला नाही आणि "त" पण नाही, दोन्हीच्या मधे कुठेतरी. त्या गुजराती बोलतात त्यातही "ट" आणि "त" असाच एकमेकांत मिसळतो. भेंडीबाजारातला उर्दू शाळेत शिकलेला पोरगा "झीरो" म्हणायचा तेव्हा त्याचा झेड असा स्वच्छ असायचा की आमच्या शाळेतल्या इंग्लिशच्या सरांचाही नव्हता, कारण उर्दूत ज वेगळा आणि ज़ वेगळा, फ वेगळा आणि फ़ वेगळा, हे त्याच्या जिभेला घरातच माहीत असतं. उत्तरेकडच्या ट्रकवाल्यांचं "इस्टेशन" आणि पंजाबी लोकांचं "सटेशन" तर सगळ्यांनाच माहिती आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

आणि आपण. आपली खूण म्हणजे तोच तो "व्ह". तुमच्या विनोदाच्या लेखकाने तिथेच माती खाल्लीय. कान लावून ऐकलं असतं तर कळलं असतं की मराठी माणूस "व्हॉट" म्हणतो पण "व्हॉज" सहसा म्हणत नाही, "वॉज" म्हणतो. "व्हेरी", "व्हॅन", "व्हाईट", "व्हेन" म्हणतो पण "वॉटर", "वॉच", "विंडो". म्हणजे व्ही असेल किंवा डब्ल्यूच्या मागे एच असेल तिथे आपण "व्ह" लावतो आणि साधा डब्ल्यू असेल तिथे "व". याला चूक म्हणायचं तर म्हणा पण याला एक नियम आहे, कुणी शिकवलेला नाही तरी आख्खा महाराष्ट्र पाळतो. "जेव्हा", "केव्हा", "जिव्हाळा" यात हा "व्ह" आपल्याकडे आधीपासून होताच, मग इंग्रजांचा व्ही आला तेव्हा आपल्या कानाला तो त्याच्या जवळचा वाटला आणि आपण लिहायला लागलो गव्हर्नर, टीव्ही, नोव्हेंबर. हिंदीवाले लिहितात गवर्नर, टीवी, नवंबर. त्यांना एका "व"वर सगळं भागवायचं असतं. तसंच "बॅट" आणि "बॉल"च्या डोक्यावरच्या चंद्राचं, इंग्लिशमधल्या त्या आवाजांसाठी आपण ॲ आणि ऑ अशी दोन अक्षरं वापरतो, हिंदीत ऑ आहे पण ॲचं काम ते "ऐ"च्या मात्रेवर भागवतात म्हणून त्यांची "बैंक" आणि आपली "बँक". ज्याने जसं लिहिलं तसं तो बोलतो.

आता गंमत बघा. इंग्लिशमधे "वेस्ट" म्हणजे पश्चिम आणि "व्हेस्ट" म्हणजे बनियन, हे दोन शब्द वेगळे ऐकू यायला पाहिजेत. दिल्लीवाला दोन्ही एकाच "व"ने बोलतो. आपण वेगळे बोलतो! आपला व्ही खऱ्या इंग्रजासारखा ओठावर दात टेकवून येत नाही, त्यात हवा जास्त असते, हे कबूल. "व्हाईल" आणि "व्हाईल" म्हणजे जोपर्यंतवालं आणि नीचवालं, यात आपली गल्लत होते हे पण कबूल. पण अख्ख्या मुंबईत ज्या "व्ह"ला सगळ्यात जास्त हसतात त्यानेच १९७ वर माझं काम सोपं केलेलं आहे, कारण मराठी कॉलरने नाव सांगितलं की व्ही का डब्ल्यू हे मला "व्ही फॉर व्हिक्टरी?" असं विचारावं लागत नसे. आणि हो, डब्ल्यूएचमधला तो एच हवा सोडून उच्चारणारे लोक स्कॉटलंडमधे अजून आहेत, त्यांचं "व्हॉट" आपल्या "व्हॉट"च्या बरंच जवळ जातं. आपल्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन स्कॉटिश होते, पण म्हणून आपण त्यांच्यामुळे असं बोलतो असं मी अजिबात म्हणत नाहीये, नाहीतर उद्या फॉरवर्ड सुरू व्हायचे.

माझ्या शेजारच्या पोझिशनवर एक वांद्र्याची ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिश्चनांपैकी, मुलगी होती, पुढे मैत्रीणच झाली. सुपरवायझर मोठ्या साहेबांचे कॉल हमखास तिच्याकडे द्यायची, कारण "तिचं इंग्लिश चांगलं आहे". चांगलं म्हणजे काय तर ती न अडखळता बोलायची, वाक्याच्या शेवटी आवाज थोडा वर जायचा, आणि आमच्याशी बोलताना "व्हॉट मेन" असायचं, मी बाई असले तरी "मेन". पण तिचं "दॅट"मधलं "द" आणि माझं "द" एकच होतं, तिचं "टेलिफोन"मधलं "ट" आणि माझं "ट" जवळपास एकच. लंडनच्या साहेबाला आम्ही दोघी सारख्याच इंडियन वाटलो असतो. मुंबईत मात्र ती स्मार्ट आणि मी व्हर्नी, म्हणजे व्हर्नॅक्युलरवाली. तीच एकदा डबा खाताना म्हणाली, अगं आम्ही घरी मराठीच बोलतो, तुमच्यापेक्षा जुनी मराठी आहे आमची. आणि खरंच होतं ते. वांद्रे, साष्टी, वसई हा पट्टा चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत म्हणजे १७३७-३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तिथलेच कोळी-कुणबी-भंडारी ख्रिश्चन झालेले, आणि १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी गोव्याहून येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला त्यांनी ईस्ट इंडियन नाव घेतलं. म्हणजे माणसं इथलीच, भाषा इथलीच, फक्त इंग्लिश त्यांच्या घरात आमच्याआधी आलं आणि वेगळ्या दाराने आलं, चर्चच्या आणि चर्चच्या शाळेच्या.

सगळं त्या दाराचं आहे असं माझं मत झालंय. पारशांकडे इंग्लिश कधीपासून, दादाभाई नौरोजी १८९२ ला लंडनच्या पार्लमेंटमधे निवडून गेले, म्हणजे त्यांच्या घरांत आजी-आजोबा पण इंग्लिशमधे भांडत असणार. आमच्या लालबागच्या चाळीत इंग्लिश आलं ते पाचवीत, दिवसाला एक तास. शिकवणारे सर स्वतः मराठी शाळेत शिकलेले, त्यांचे सर पण. "व्हेअर देअर इज अ विल" हे आम्ही एका सुरात साठ मुली म्हणायचो आणि बाहेर गिरणीचा भोंगा वाजायचा. सरांनी दिला तो "व्ह" मी घेतला, माझ्या मैत्रिणींनी घेतला. सरकारने पहिलीपासून इंग्लिश आणलं ते २००० साली, तोपर्यंत आमच्या दोन-तीन पिढ्या याच साच्यातून गेल्या. आणि त्यात भर म्हणजे प्रत्येक जमातीची शाळा वेगळी, पारशांची वेगळी, गुजराती ट्रस्टची वेगळी, कॉन्व्हेंट वेगळं, उर्दू वेगळी. एकाच बसने जाणारी पोरं पण इंग्लिश शिकायची ती आपापल्या दारातून. मग अडतीस वर्षं मी पैजा जिंकले यात माझं काय कर्तृत्व.

आता जरा कडू भाग. २००३ ला माझी मुलगी बी.ए. करून मालाडला एका कॉल सेंटरमधे गेली, नाव लिहीत नाही. तिथे व्हॉइस अँड ॲक्सेंटचा ट्रेनर होता दिल्लीचा. त्याने तिला पहिल्या आठवड्यात सांगितलं, यू हॅव टू मच एमटीआय. एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुएन्स, म्हणजे आईच्या भाषेचा परिणाम, आणि हा शब्द ते लोक असा वापरतात की जणू काही रक्तातली साखर. मुलगी रोज रात्री मोरीतल्या आरशासमोर खालचा ओठ दाताखाली धरून व्हेस्ट-वेस्ट-व्हेस्ट-वेस्ट करायची, मी कांदा चिरत ऐकायचे. ओठ एकदा फुटला पण. तिसऱ्या आठवड्यात तिला काढलं. तिने निघताना त्या ट्रेनरला विचारलं की सर तुम्ही एकदा व्हेस्ट आणि वेस्ट म्हणून दाखवा ना, तो म्हणाला, "वेस्ट, वेस्ट." दोन्ही एकच! ही माझी पोरगी, सांगायला मला आवडतं. पण नोकरी तिची गेली, त्याची नाही. त्याचं पण एमटीआयच होतं पण ते हिंदीचं होतं, आणि हिंदीचं एमटीआय या देशात एमटीआय धरत नाहीत.

ती मग चिडून भाषाशास्त्रात एम.ए. झाली, आता ठाण्यात कॉलेजात शिकवते, आणि पुढचं जे मी लिहितेय ते तिच्याकडून ऐकलेलं. हे फक्त आपल्याकडचं नाही. न्यूयॉर्कमधे विल्यम लबॉव म्हणून एकाने १९६० च्या दशकात लोअर ईस्ट साइड भागातल्या लोकांचं बोलणं टेप केलं, तर तिथे जन्मलेले इटालियन घरातले लोक "बॅड"मधला ॲ जास्त वर चढवायचे आणि ज्यू घरातले "कॉफी"मधला ऑ. दोघेही अमेरिकनच, एकाच भागातले, फक्त घरं वेगळी.

आणि लंडनचं तर माझ्या घरातच उदाहरण आहे. माझ्या भाच्याचा मुलगा, वय सोळा, जन्म तिथला, राहतात ईस्ट लंडनला. हा पोरगा व्हिडिओ कॉलवर माझ्याशी असं इंग्लिश बोलतो की मला अर्धं कळत नाही, "इनिट", "ब्रव्ह", आणि स्वतःलाच "मॅन" म्हणतो, "मॅन्स हंग्री" म्हणजे याला भूक लागलीय. त्याची आई ठाण्याची, तिचा जीव वरखाली, म्हणते आत्या, एवढा पैसा घालतोय आम्ही आणि हा त्या काळ्या पोरांसारखं बोलतो. मी म्हटलं अगं त्याच्या वर्गात कोण कोण आहे ते तरी सांग. तर जमैकन, बांगलादेशी, नायजेरियन, तुर्की, सोमाली, दोन गोरे आणि हा एक मराठी. मुलीने सांगितलं की यावर तिथे मोठा अभ्यास झालाय, जेनी चेशर आणि पॉल करस्विल वगैरे मंडळींनी २००४ पासून हॅकनी भागातल्या पोरांचं बोलणं तपासलं आणि त्याला मल्टिकल्चरल लंडन इंग्लिश नाव पडलं. ही पोरं आईबापासारखी पण बोलत नाहीत आणि जुन्या कॉकनी, म्हणजे ईस्ट लंडनच्या कामगार वस्तीतल्या गोऱ्या, लोकांसारखी पण नाही. कॉकनीवाले "हाउस"मधला "ह" खातात, ही पोरं पूर्ण बोलतात. कॉकनीवाल्यांचं "फेस" "फाइस"सारखं वाटतं, या पोरांचं सरळ "फेस", आपल्या "ए"च्या बरंच जवळ. कारण ज्या ज्या देशांतून त्यांचे आईबाप-आजोबा आले, कॅरिबियन म्हणा, आफ्रिका म्हणा, आपला भाग म्हणा, तिथल्या बऱ्याच इंग्लिशमधे "ए" असा सरळच होता, मग पोरांनी जो सगळ्यांकडे होता तो ठेवला. म्हणजे लंडनमधे जन्मलेल्या त्या पोराच्या तोंडात थोडासा डोंबिवलीचा "ए" आहे आणि त्याच्या आईला त्याचीच लाज वाटते, काय म्हणायचं आता.

लंडनच्याच साउथॉल भागातल्या पंजाब्यांचं पण मुलीने सांगितलं ते मला फार लागलं. देवयानी शर्मा म्हणून भाषेच्या अभ्यासक आहेत, त्यांनी तिथे काम केलं. तिथे जन्मलेल्या पहिल्या पिढीतले पुरुष, जे ७० च्या दशकात गोऱ्यांचा मार खात मोठे झाले, ते दोन-तीन ॲक्सेंट बाळगतात, गोऱ्या मेकॅनिकशी बोलताना एक आणि पंजाबी माणसाशी बोलताना दुसरा, मिनिटात बदलतात. त्यांच्या मागून आलेली तरुण पोरं एवढी बदलत नाहीत, त्यांचं एकच मिसळलेलं बोलणं सगळीकडे चालतं, त्यांना तशी गरज पडली नाही. मला आमची ट्रंकवरची एक सिनियर आठवली, परळची, कॉलवर तिचा आवाज कॉन्व्हेंटचा आणि हेडसेट काढला की पक्का परळचा. आम्ही तिला नाटकी म्हणायचो. आता वाटतं म्हणायला नको होतं.

हल्ली मात्र माझी पैज चालणार नाही. परवा आमच्या सोसायटीत तीन मुली खेळत होत्या, एक मराठी, एक मारवाडी, एक मल्याळी, आणि मी गॅलरीत डोळे मिटून ऐकत होते, मला तिघींत फरक कळेना. तिघी एकाच महागड्या शाळेतल्या, तिघींचं "वॉटर" अमेरिकन कार्टूनसारखं "वॉडर". आणि खाली वॉचमनची मुलगी, म्युनिसिपालिटीच्या शाळेतली, तिला "व्हॉट इज युवर नेम" विचारत होत्या आणि तिच्या उत्तराची नक्कल करत होत्या. आधी इंग्लिशवरून जमात कळायची, आता फी कळते. मला विचाराल तर जमातवालं बरं होतं, निदान त्यात चहाची पैज लागायची.

म्हणून संपादकसाहेब, विनोद छापा, जरूर छापा, मराठी माणूस स्वतःवर हसला तर काही बिघडत नाही. पण मग पुढच्या रविवारी दिल्लीच्या "वीडियो"वर छापा, त्याच्या पुढच्या रविवारी तुमच्या टीव्हीवरच्या त्या अँकरबाईंवर छापा, ज्यांना मराठी बोलताना "ळ" येत नाही. माझ्या लंडनच्या नातवाला पण "ळ" येत नाही, "आजी, मला केली आवडतात" म्हणतो, केळी म्हणायचं असतं त्याला, आणि सगळं घर फोनभोवती गोळा होऊन म्हणतं, किती गोड बोलतो नाही.

आपली नेहमीची वाचक,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, डोंबिवली (पूर्व)

ता.क. मागे माझं पत्र छापलंत तेव्हा सगळीकडे "टेलिफोन"चं "दूरध्वनी" आणि "ऑपरेटर"चं "चालक" करून टाकलं होतं, त्यामुळे शेजारचे अजून विचारतात की तुम्ही एसटीत होता का. या वेळी आहे तसं राहू द्या.